चालता चालता बंद पडलेली पिकअप: दोष रस्त्यावरच कसा पकडायचा

पिकअप बंद पडली की मिस्त्रीला फोन जातो, आणि पलीकडून पहिला प्रश्न येतो, "सेल्फ घेते का?" प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा असायला हवा. त्याआधी विचारायचं ते हे, की गाडी बंद पडली कशी? झटक्यात, गचके देत, की आवाज करून? हे ज्याला नीट सांगता येतं त्याचं निम्मं निदान झालेलं असतं. ज्याला येत नाही त्याच्या गाडीचा आधी डिझेल फिल्टर बदलतात, मग एखादा सेन्सर, मग पंप उतरवतात, आणि आठवड्याने गाडी पुन्हा त्याच घाटात उभी असते.

या दोषाची खरी अडचण अशी की तो टिकत नाही. गाडी थंड होते, टो होऊन गॅरेजला पोचते आणि तिथे पहिल्याच सेल्फला लागते. मिस्त्री तरी काय बघणार? म्हणून खाली सांगितलेलं बरंचसं काम गाडी लागत नसतानाच, रस्त्याच्या कडेला, गरम इंजिनावर करायचं आहे.

उदाहरणाला डिझेलवर चालणारी कॉमन रेल पिकअप घेतली आहे. कॉमन रेलमध्ये पंप आधी एका सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, मोठ्या दाबाने डिझेल भरतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नोझल (इंजेक्टर) उघडून ते सिलिंडरमध्ये सोडतो. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त या वर्गातली, कांदा-भाजीपाला भरून नाशिकहून वाशी मार्केटला जाणारी. पेट्रोल आणि सीएनजीबद्दल पुढे थोडक्यात येईल.

आधी गाडी नीट उभी करा

इंजिन थांबलं की ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा दाबण्यापुरताच उरतो. त्यामुळे घाटात ब्रेक सोडत-दाबत बसू नका, एकदा दाबला की दाबूनच ठेवा आणि गाडी डावीकडे घ्या. पॉवर स्टिअरिंग जड होईल, ते धरून चला. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. उभी केल्यावर हँडब्रेक ओढा, तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि चाकाला दगड लावा. भरलेली पिकअप नुसत्या हँडब्रेकवर सोडून कोणी खाली शिरू नये. मागे त्रिकोण ठेवा, हॅझार्ड लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीचा नंबर १०३३.

बंद पडताना काय झालं ते आठवा

सेल्फ मारण्याआधी दोन मिनिटं घ्या आणि ड्रायव्हरला विचारा. ड्रायव्हर तुम्हीच असाल तर मोबाइलवर लिहून ठेवा, नंतर गोष्टी मिसळतात.

गाडी काहीही न सांगता, किल्ली बंद केल्यासारखी थांबली, तर संशय विजेवर घ्या. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा), ईसीयूचा मेन रिले (त्याला करंट देणारा स्विच), फ्यूज, इग्निशन स्विच किंवा अर्थिंग. यात एक खूण फार मोलाची आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गाडी गिअरमध्ये, क्लच सुटलेला आणि चाकं फिरत असतील तर इंजिनही फिरतच असतं. अशा वेळी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, तर इंजिन फिरत असूनही ईसीयूला ते कळत नव्हतं असा अर्थ. बोट थेट क्रँक सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरकडे जातं. काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असेल तर सेन्सर जिवंत होता आणि डिझेल थांबलं होतं. आरपीएमच्या काट्यासोबत सगळा डॅशबोर्डच विझला असेल, घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू झालं असेल, तर बॅटरीचं टर्मिनल किंवा मुख्य सप्लाय बघा.

गाडी आधी ओढ कमी करत आली, चढावर गुदमरली, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थोडी सावरली आणि मग बंद पडली, तर डिझेल पुरत नाही. फिल्टर, टाकीतली जाळी, टाकीचं झाकण, पाइपात एअर, डिझेलमध्ये पाणी, यांपैकी काहीतरी.

मोठा आवाज झाला, खटखट आली किंवा तापमानाचा काटा लालमध्ये होता, तर सेल्फला हात लावू नका. तुटलेल्या टायमिंगवर (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा बेल्ट किंवा चेन) किंवा तापून धरलेल्या इंजिनावर मारलेला प्रत्येक सेल्फ खर्च वाढवतो. पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तरी तेच. एअर फिल्टरचा डबा उघडा. आत पाणी दिसलं तर सिलिंडरमध्येही गेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल किंवा ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा) काढून पाणी बाहेर फेकल्याशिवाय ते इंजिन फिरवायचं नाही.

शेवटचा प्रश्न: गेल्या दोन-चार दिवसांत गाडीला कोणाचा हात लागला? सर्व्हिसिंग झालं, गाडी धुतली, नव्या पंपावर डिझेल भरलं, म्युझिक सिस्टीम बसवली, जीपीएस लावला? वायरिंग कापून जोडलेला एक्स्ट्रा हॉर्नसुद्धा यादीत धरा. हे उत्तर कधी कधी पुढचं सगळं काम वाचवतं.

किल्ली ऑन करून दिवे बघा

किल्ली ऑन केली की चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही, तर बहुधा ईसीयूला करंट नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र पाहून ईसीयूचा फ्यूज आणि मेन रिले शोधा. फ्यूज नुसता डोळ्याने पाहू नका, टेस्टलॅम्पने दोन्ही बाजूंना करंट आहे का ते बघा. मेन रिले तपासायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच नंबरचा दुसरा रिले, पुष्कळदा हॉर्नचा, काढून तिथे लावणं. नंबर आणि पायांची रचना जुळली तरच. गरम झाल्यावर दगा देणारा रिले हे या दोषाचं स्वस्तातलं कारण आहे, म्हणून ते लवकर तपासावं. बदललेला फ्यूज लगेच उडाला तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालू नका, वायर बहुधा कुठेतरी चॅसिसला घासते आहे.

इमोबिलायझरचा (किल्लीतली चिप ओळखणारं चोरीविरोधी यंत्र) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून पाहा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती बाजूला करा. चालत्या गाडीला इमोबिलायझर सहसा बंद पाडत नाही, पण पुन्हा लागू न देण्याचं काम तो नक्की करतो.

सेल्फ फिरतच नाही

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी बसली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे जसेच्या तसे आणि नुसता "टक" आवाज, तर स्टार्टरचा सोलेनॉइड (विजेने ओढला जाणारा स्विच), त्याची वायर किंवा इंजिनाची अर्थ पट्टी. दिवे मंदावतात, "टक" येऊन इंजिन जागचं हलत नाही, तर इंजिन धरलेलं असू शकतं. क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरतं का ते आधी बघा.

मल्टिमीटर असेल तर अंदाज लावायची गरज नाही. उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धीच उरली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुबळी आहे किंवा स्टार्टर जास्त करंट खातो आहे. कॉमन रेल गाडीत याचा एक छुपा परिणाम असतो. स्टार्टर कसाबसा फिरतो, पण व्होल्टेज इतकं पडतं की ईसीयूच झोपतो, आणि लोक डिझेल पंपाला दोष देतात.

चालताना बॅटरी का बसली? अल्टरनेटर चार्ज करत नसला तर गाडी बॅटरीवरच चालत राहते आणि रात्री दिवे लावून चालवली की काही वेळाने मरते. आधी बॅटरीचा लाल दिवा लागलेला असतो, हेडलाइट पिवळे पडलेले असतात. जम्पर केबलने गाडी चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ च्या आसपासच घुटमळत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा. नवी बॅटरी घालून हा दोष जाणार नाही.

धक्का मारून चालू करायची सवय जुन्या गाड्यांची. कॉमन रेलमध्ये बॅटरी पूर्ण मेली असेल तर धक्क्याचा उपयोग नाही, कारण ईसीयूला करंट मिळाल्याशिवाय नोझल उघडत नाहीत.

सेल्फ जोरात फिरतो, गाडी लागत नाही

बहुतेक जण इथे अडकतात. आधी सेल्फचा आवाज ऐका. नेहमीची धडधड नसून इंजिन हलकं, एकसारखं गरगरत असेल तर कॉम्प्रेशन नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही, टायमिंग गेलेलं असू शकतं. थांबा आणि टो करा. आवाज नेहमीसारखा असेल तर पुढे चला, पण एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये स्टार्टरला विसावा द्या.

पहिलं काम टाकीचं झाकण उघडायचं. जोराने फुस्स करून हवा आत शिरली तर झाकणाचा किंवा टाकीचा श्वास कोंडला आहे. डिझेल उपसलं जात होतं, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. झाकण सैल ठेवून गाडी लागली आणि चालत राहिली, तर दोष तिथेच सापडला. आत डिझेल खरंच आहे का तेही बघून घ्या. काटा अर्ध्यावर अडकलेल्या गाड्या कमी नाहीत.

दुसरं, फिल्टर. खालचा ड्रेन प्लग सैल करून काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि स्थिर होऊ द्या. पाणी तळाला बसतं, दुधाळ रंग दिसला तरी पाणीच समजा. पाणी निघालं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढा, आणि नुकतंच कुठे भरलं होतं त्याची पावती जपून ठेवा.

तिसरं, हँड प्रायमर, म्हणजे डिझेल भरून एअर काढायचा हातपंप. दाबत राहा. काही दाबांनंतर तो कडक झाला पाहिजे. होतच नसेल तर पाइपाने एअर धरली आहे. इथे एक गोष्ट समजून घेतली की काम सोपं होतं. पुष्कळ कॉमन रेल गाड्यांत टाकीत पंप नसतो, इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसून ओढ असते. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. "कुठेच गळत नाही, म्हणजे पाइप चांगला" हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो. क्लिपांखालचे तडकलेले रबर पाइप, फिल्टरचं ओरिंग, उंदराने कुरतडलेला नळ, सगळं बोटाने चाचपून बघा. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता लावला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. टाकीत पंप असलेली गाडी असेल तर किल्ली ऑन केल्यावर टाकीजवळ काही क्षण गुणगुण ऐकू आली पाहिजे.

चौथं, टाकीतली जाळी. जाळीला गाळ चिकटला की गाडी काही किलोमीटर चालते, मग मरते. थोडा वेळ उभी राहिली की ओढ थांबून गाळ सुटतो आणि गाडी पुन्हा लागते. पंपाकडचा पाइप काढून टाकीच्या दिशेने हवा मारली आणि गाडी ठणठणीत चालून काही अंतराने पुन्हा मेली, तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. शंका उरली तर एक निर्णायक चाचणी आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाजवळ ठेवा, ओढीचा आणि परतीचा असे दोन्ही पाइप त्यात सोडा. गाडी कॅनवर छान चालली तर दोष टाकी ते फिल्टर या पट्ट्यात आहे, पंपाला कोणी हात लावायचा नाही. गरम सायलेन्सरपासून कॅन दूर ठेवा.

जुन्या, कॉमन रेल नसलेल्या पंपाच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते, पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड. किल्ली ऑन-ऑफ करताना तो "टक" वाजला पाहिजे. वाजत नसेल तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट आहेत का बघा.

एक सक्त इशारा. कॉमन रेलचे लोखंडी पाइप "डिझेल येतं का बघू" म्हणून सैल करू नका. चालू इंजिनात तिथे १६०० बारपर्यंत दाब असू शकतो, आणि एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. ती जखम टोचल्याएवढी दिसते, पण ताबडतोब शस्त्रक्रिया लागू शकते. जुन्या पंपाचा नट सैल करून एअर काढणारे हात सवयीने इकडेही जातात. तसंच एअर इनटेकमध्ये पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणंही टाळा. ग्लो प्लग तापलेले असतील तर भडका उडतो.

गरम असताना लागत नाही, थंड झाल्यावर लागते

या तक्रारीला क्रँक सेन्सर हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, आणि ते पुष्कळदा बरोबरही निघतं. सेन्सरच्या आतली तार गरम झाल्यावर तुटते, थंड झाल्यावर जुळते. पण झिजलेला पंप किंवा गळणारे नोझलही हेच लक्षण दाखवतात, कारण गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटींतून निसटतं आणि रेलमध्ये दाब बनत नाही. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे. म्हणून इथे ओळखीच्या माणसाचा अंदाज घेऊ नका, आकडा घ्या.

त्यासाठी ईएलएम ३२७ जातीचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीचे दोष वाचायची जागा) असतं, बीएस-६ गाड्यांत तर असतंच. स्कॅनर लावा, आधी दोषाच्या कोडचा फोटो काढा, पुसू नका. मग अ‍ॅपमध्ये आरपीएम आणि फ्युएल रेल प्रेशर हे दोनच आकडे उघडून सेल्फ मारा.

आरपीएम शून्य आणि इंजिन मात्र फिरतंय, तर क्रँक सेन्सर, त्याचं कनेक्टर किंवा वायर. सोबत पी ०३३५ कोड असेल तर पुरावा पक्का होत जातो. तरी सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर काढून पिना बघा, ऑइल शिरलंय का, वायर इंजिनाला घासून सोललीय का. वायर हलवत दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दोन वायरींचा सेन्सर असेल तर गरम असतानाच ओहम मोजा, मीटर "ओपन" दाखवत असेल तर तो गेला. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहमवर तपासता येत नाही.

आरपीएम १५०-२५० दिसतंय, पण रेल प्रेशर चढत नाही, तर डिझेलची बाजू. अ‍ॅप हा आकडा बहुधा किलोपास्कलमध्ये दाखवतं, शंभराने भागलं की बार. गाडी लागायला साधारण २०० बारच्या वर दाब लागतो, म्हणजे अ‍ॅपवर २०,०००. त्याखाली ईसीयू बहुतेक गाड्यांत नोझल उघडतच नाही. पी ००८७ कोडचा अर्थही तोच, रेलमध्ये दाब कमी. फिल्टरपर्यंतचं सगळं वर तपासून झालं असेल तर आता मुख्य संशयित तीन: पंप, त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा), आणि गळके नोझल. नोझलसाठी पंप-नोझलवाला परतीच्या नळ्यांना बाटल्या लावून सेल्फ मारतो. एक बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो नोझल दाब खातोय. ही चाचणी केल्याशिवाय पंप उतरवू देऊ नका.

इंजिन बराच वेळ बंद आणि रेल प्रेशर तरीही शे-दोनशे बार दाखवत असेल, तर प्रेशर सेन्सर खोटं बोलतोय. दोन्ही आकडे व्यवस्थित आणि तरी गाडी लागत नाही, तर कॅम सेन्सर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टची जागा सांगणारा), इमोबिलायझर आणि कॉम्प्रेशन या क्रमाने जा. स्कॅनर गाडीशी बोलतच नसेल तर मागे फिरा, ईसीयूचा सप्लाय आणि अर्थिंग बघा.

जुन्या यांत्रिक पंपावर थंड पाण्याचं फडकं टाकून गाडी लावण्याची युक्ती जाणते ड्रायव्हर अजून करतात. त्यात तथ्य आहे. फडक्याने गाडी लागली तर पंप झिजला. मात्र तापलेल्या इंजिनावर बादली ओतायची नाही, आणि सेन्सर-कनेक्टरनी भरलेल्या नव्या इंजिनावर ही युक्ती उत्तर देण्यापेक्षा गोंधळच वाढवते.

पेट्रोल आणि सीएनजी

सीएनजीवर बंद पडली तर आधी स्विच पेट्रोलवर टाका. पेट्रोलवर लागली तर दोष गॅसच्या बाजूला: सिलिंडरचा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड, गॅस फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा). गॅसचा वास येत असेल तर सेल्फ मारू नका, सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद करून लांब व्हा. दोन्हीवर लागत नसेल तर स्पार्क आणि क्रँक सेन्सरकडे जा. महिनोन्‌महिने फक्त गॅसवर चालवलेल्या गाडीचा पेट्रोल पंप अडकलेला असू शकतो, त्यामुळे "पेट्रोलवरही लागत नाही" यावरून एकदम मोठा निष्कर्ष काढू नका.

मिस्त्रीला काय सांगायचं, आणि गाडी परत घेताना काय बघायचं

"गाडी बंद पडते" एवढं सांगू नका. "दादा, तासभर भरलेली चालवल्यावर चढावर गचके देऊन बंद पडली. सेल्फ जोरात घेते. सेल्फ मारताना आरपीएम दोनशे, रेल नव्वद बार. झाकण उघडून फरक नाही, फिल्टरमध्ये पाणी नाही, प्रायमर कडक होतो." एवढं ऐकल्यावर पंपवाला बाटल्या घेऊनच बाहेर येतो.

दुरुस्तीनंतर गॅरेजभोवती एक फेरी मारून पैसे देऊ नका. दोष गरम आणि ओझ्याखालचा असेल तर चाचणीही तशीच हवी: माल भरून, तोच चढ, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, स्कॅनरवर रेल प्रेशर लावून. वर पोचल्यावर इंजिन बंद करा, पंधरा-वीस मिनिटं तसंच तापलेलं राहू द्या आणि मग सेल्फ मारा. बॉनेटखालची उष्णता याच वेळात सेन्सर आणि पंपात मुरते. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि ज्या कारणासाठी तो बदलला ते बिलावर लिहून घ्या.